वॉलपेपरच्या कडा साफ कशा कापायच्या: छत, स्कर्टिंग, स्विचबोर्ड आणि फिक्स फर्निचर

वॉलपेपर लावताना मधली भिंत कोणालाही जमते, खरंच. गम लावला, पट्टा चिकटवला, स्क्वीजी (कागद दाबून हवा काढायची चपटी पट्टी) फिरवली, झालं. सगळा घोळ होतो तो कडेला. छताच्या रेषेवर कागद दातरल्यासारखा फाटलेला, वॉर्डरोबला लागून पांढरी भिंत बारीक पट्टीसारखी दिसतेय, स्विचबोर्डच्या कोपऱ्यातून एक चीर डोकावतेय, आणि घरी कोणी आलं की त्याची नजर नेमकी तिथेच जाते, महागाच्या डिझाइनवर नाही. म्हणून इथे बोलणार आहे ते मुख्यतः कापण्याबद्दल. गम, प्राइमर वगैरे ओघात येईल तेवढंच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कट साफ यायला दोनच गोष्टी लागतात, कागद कोपऱ्यात आधी पूर्ण दाबलेला हवा आणि ब्लेड नवं हवं. हात सरळ चालतो की नाही याची लोक उगाच काळजी करतात, हाताला आधार द्यायला पुट्टीचा पत्रा असतोच. पण कागद आणि कोपरा यांच्यात जरा जरी पोकळी राहिली तर तुम्ही कितीही सरळ कापा, नंतर तो आत दाबला की एकतर आखूड पडणार नाहीतर वर चढणार.

उदाहरणाला आपल्याकडच्या फ्लॅटमधली नेहमीची बेडरूम घेऊ. बेडच्या मागची एकच भिंत, १० फूट रुंद, ९ फूट उंच. डाव्या बाजूला फिक्स वॉर्डरोब, उजवीकडच्या भिंतीला खिडकी, वर पीओपीचं छत, खाली टाइलचं स्कर्टिंग, बेडच्या दोन्ही बाजूंना स्विचबोर्ड आणि वर कोपऱ्यात एसी. म्हणजे जेवढ्या म्हणून अडचणी असतात तेवढ्या सगळ्या एकाच खोलीत.

सामान काय लागतं

कटर दोन ठेवा. एक १८ एमएमचा जाड, लांब सरळ कटसाठी, तो वाकत नाही. दुसरा ९ एमएमचा, स्विचबोर्ड आणि चौकटीच्या कोपऱ्यांसाठी, आणि त्यात मिळालं तर ३० अंशाचं टोकदार ब्लेड घाला, साधं ब्लेड ६० अंशांच्या आसपास असतं त्यामुळे त्याचं टोक बारीक कोपऱ्यात नीट पोचत नाही. ब्लेडचं पाकीट एक नको, दोन घ्या. हे तुकडे मोडत जाणारं ब्लेड १९५६ मध्ये जपानमध्ये योशिओ ओकादा नावाच्या माणसाने काढलं, चॉकलेटच्या वड्या जशा रेषेवर मोडतात त्यावरून त्याला सुचलं असं ओल्फा कंपनी सांगते. मुद्दा एवढाच की ते मोडण्यासाठीच बनवलंय, आणि आपण लोक ते एखाद्या वारशासारखं जपून वापरतो! दर पट्ट्याला एक तुकडा मोडायचा, वरचा एक कट आणि खालचा एक कट झाला की मोडला. नॉन-वोव्हन (न विणलेल्या धाग्यांचा, कापडासारखा) जाड कागद असेल तर वरच्या कटनंतरच मोडा. मोडलेले तुकडे एका जुन्या डब्यात टाकत जा, जमिनीवर नको, गमात भिजलेल्या कागदाच्या चिंध्यांमध्ये ते दिसत नाहीत आणि घरात सगळे अनवाणी फिरत असतात.

मग पेंटर पुट्टी लावायला वापरतात तो पत्रा, १० किंवा १२ इंच रुंदीचा. नवा घेतलात तर त्याच्या दोन्ही टोकांचे टोकदार कोपरे पॉलिश पेपरवर घासून गोल करून घ्या, नाहीतर ओल्या कागदाला ओरखडा पाडतात. प्लास्टिकची स्क्वीजी, एक लांब कात्री, स्टीलची पट्टी, टेप, पेन्सिल, ओळंबा. बॉलपेनने भिंतीवर किंवा कागदाच्या मागे काहीही लिहू नका, शाई गमात विरघळून पुढे डाग येतो. ओळंबा नसेल तर दोऱ्याला जड नट बांधला तरी चालतं. स्पंज, दोन बादल्या स्वच्छ पाणी, मास्किंग टेप. आणि एक जुनी एक्स-रे फिल्म. प्रत्येक घरात कपाटावर कुठेतरी असतेच, तिच्या ३ इंच रुंदीच्या लांब पट्ट्या कापून ठेवा, फर्निचरपाशी फार कामाला येतात, ते पुढे सांगतो.

कागद कुठला आहे त्यावर कापणं बदलतं

बाजारात आपल्याकडे जो नेहमीचा रोल मिळतो तो २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब, म्हणजे ५३ सेंटीमीटर आणि १० मीटर. कोरियन म्हणून जे मोठे रोल मिळतात ते जवळजवळ दुप्पट रुंद, १०६ सेंटीमीटरचे. त्यात जोड कमी येतात हे खरं, पण एवढा रुंद ओला पट्टा कोपऱ्यात एकट्याने सांभाळणं अवघड जातं, घरच्या घरी पहिल्यांदा करत असाल तर माझं मत २१ इंचीच घ्या.

नॉन-वोव्हन असेल तर गम भिंतीला लावायचा, कागद कोरडाच चढतो, फुगत नाही, आणि ताण सहन करतो. हा कापायला सगळ्यात सोपा, भिंतीवरच पत्रा धरून कटर चालवायचा. मागे साधा कागद असलेला प्रकार असेल तर गम कागदाला लावून, पट्टा दोन्हीकडून आत दुमडून ५ ते १० मिनिटं मुरू द्यावा लागतो कारण तो पाणी पिऊन रुंदीला वाढतो, आणि न मुरवता लावला तर भिंतीवर वाढतो आणि फुगे येतात. हा ओला असताना ओल्या पापडासारखा असतो, कटर जरा अडकला की ओढला जातो आणि फाटतो. त्याला कटरने कापूच नका असं मी म्हणेन. कात्रीच्या पाठीने कोपऱ्यात घडी उमटवायची, कड सहा-आठ इंच हलकेच भिंतीपासून सोडवायची, घडीवर कात्रीने कापायचं आणि परत दाबायचं. वेळ लागतो पण फाटत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे मागे स्टिकर असलेला पीव्हीसी, साधारण ४५ सेंटीमीटर रुंदीचा, ऑनलाइन हल्ली हाच जास्त विकला जातो. गमाची भानगड नाही पण चुकला तर सरकवता येत नाही. मागचा कागद एकदम सोलायचा नाही, वरचा सहा इंच सोलून चिकटवायचा आणि मग खाली खाली. कोपऱ्यात हा ताणून बसवू नका, ताणलेलं प्लास्टिक काही दिवसांनी आखडतं आणि कड उघडी पडते. हेअर ड्रायरने कोमट करून नरम करायचा, दाबायचा, गार झाला की मगच कापायचा.

कापण्याआधी पट्टे आखणं

हे लोक टाळतात, आणि मग एका टोकाला दोन इंचाची चिंधी उरते. दोन इंचाचा ९ फूट लांब पट्टा सरळ बसवणं म्हणजे डोक्याला ताप, कमीत कमी सहा इंच तरी रुंदी उरली पाहिजे.

आपल्या भिंतीचा हिशोब बघा. १० फूट म्हणजे १२० इंच. भिंतीच्या बरोबर मध्यावर एक जोड धरला तर दोन्ही बाजूंना ६० इंच, त्यात २१ चे दोन पूर्ण पट्टे म्हणजे ४२, उरले १८ इंच. दोन्ही कडांना १८ इंचाचे पट्टे, छान. आता मध्यावर जोडाऐवजी पट्ट्याचा मध्य धरला तर कडेला साडेसात इंच उरतात आणि पट्टे सहाच्या ऐवजी सात लागतात. म्हणजे जोड मध्यावर घेणंच परवडतं, शिवाय बेडच्या मागे डोकं असतं तिथे तो दिसतही नाही.

उंची ९ फूट, वर दोन इंच खाली दोन इंच जास्त, म्हणजे पट्टा ९ फूट ४ इंचाचा. ३३ फुटांच्या रोलमधून असे तीन निघतात, डिझाइन जुळवायचं असेल आणि रिपीट, म्हणजे तेच डिझाइन परत सुरू होण्याचं अंतर, २१ इंचाचा असेल तरी साडेदहा फुटाचे तीन निघतात. सहा पट्ट्यांना दोन रोल बरोबर पुरतात, तरी तिसरा घ्या, आणि तिन्ही रोलवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघा, नंतर रंगात फरक निघतो.

पहिला पट्टा ओळंब्याच्या रेषेवर लावायचा, भिंतीच्या कोपऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही. आपल्या बिल्डिंगमधल्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात, वरून खाली येईपर्यंत अर्धा इंच इकडेतिकडे अगदी नेहमीचं आहे. छताचंही तसंच. म्हणून आडव्या पट्ट्यांचं किंवा चौकटीचं डिझाइन घेऊ नका, छत एका बाजूला उतरतं असेल तर ते अशा डिझाइनमध्ये लगेच उघडं पडतं आणि तुम्ही कितीही साफ कापलं तरी कट वाकडाच वाटणार. पानाफुलांचं, टेक्स्चरचं काहीही चालतं.

छत आणि स्कर्टिंग

पट्टा लावला, मधून बाहेर स्क्वीजीने हवा काढली, वर दोन इंच छतावर चढलाय. आता घाई नको. आधी स्क्वीजीची कड कोपऱ्यात डावीकडून उजवीकडे दाबत न्या, एकदा नाही दोनदा, कागदावर स्पष्ट घडी दिसली पाहिजे. मग पत्रा घ्या. पत्रा राहणाऱ्या कागदावर, म्हणजे भिंतीच्या बाजूला, आणि त्याची धार कोपऱ्यात घट्ट रुतलेली. ब्लेड पत्र्याच्या वरच्या बाजूने, धारेला टेकून, जवळजवळ आडवं झोपवून चालवायचं. उभं धरलं की टोक टोचतं आणि कागद ओढला जातो.

पत्र्याच्या टोकापर्यंत कापत आलात की कटर उचलायचा नाही. ब्लेड आहे तिथेच ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने पत्रा पुढे सरकवायचा, मग परत कटर. दर वेळी उचललं तर प्रत्येक जोडाशी एक दातरा उठतो, आणि तो लांबून सुद्धा दिसतो. एकाच फेरीत कापलं गेलं पाहिजे, दुसरी फेरी मारली की दोन रेषा पडतात. एका फेरीत कापलं जात नसेल तर जोर वाढवू नका, ब्लेड मोडा. जोर लावला की खालची पुट्टी कापली जाते, भुगा निघतो आणि तो गमात मिसळून कडेला गोळ्या होतात, वर पीओपीला चर पडते ती वेगळीच.

पीओपीची कॉर्निस, म्हणजे छत आणि भिंतीच्या कोपऱ्यातली पट्टी, गोलाईची असेल तर पत्रा तिच्या खालच्या कडेला लावायचा आणि छोटा, चार इंचाचा पत्रा वापरायचा, मोठा तिथे बसत नाही.

स्कर्टिंग त्या मानाने सोपं. टाइल किंवा ग्रॅनाइटची पट्टी भिंतीच्या थोडी पुढे असते, त्यामुळे वरची कडक धार आयतीच मिळते. पण टाइल आणि भिंतीच्या मध्ये व्हाइट सिमेंट भरलेलं असतं ते कुठे जास्त कुठे कमी असतं, कागद लावायच्या आधीच पॉलिश पेपरने घासून सारखं करून घ्या. कापून झाल्यावर कापलेली चिंधी लगेच उचला, आणि टाइलवर लागलेला गम लगेच पुसा, वाळला की पांढरट पापुद्रा धरतो.

कोपरे

आतल्या कोपऱ्यातून पूर्ण पट्टा वळवून दुसऱ्या भिंतीवर नेऊ नका. एकच भिंत करताय तर प्रश्नच नाही, कोपऱ्यात कापून टाका. पण दोन भिंती असतील तर शेवटच्या पट्ट्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी मोजा, त्यातलं सगळ्यात मोठं घ्या, त्यात अर्धा इंच मिळवा आणि तेवढ्या रुंदीचा पट्टा उभा कापून मग लावा. अर्धा इंच दुसऱ्या भिंतीवर वळेल. मग दुसऱ्या भिंतीवर नवीन ओळंबा टाकून उरलेला तुकडा त्या अर्ध्या इंचावर चढवायचा. डिझाइन कोपऱ्यात दोन-चार मिलिमीटर हलतं, ते कोणाला कळत नाही. विनाइल (वर प्लास्टिकचा थर असलेला) कागद असेल तर विनाइलवर विनाइल साध्या गमाने धरत नाही, तेवढ्या अर्ध्या इंचाला ओव्हरलॅपसाठीचा वेगळा चिकट गम लागतो, किंवा चढवण्याऐवजी डबल कट मारा.

डबल कट म्हणजे दोन पट्टे एकमेकांवर चढवायचे आणि दोन्ही एकदम कापायचे. मागे एक्स-रे फिल्मची पट्टी सरकवा म्हणजे भिंत कापली जाणार नाही, स्टीलची पट्टी धरून एका दमात वरून खाली कापा, वरची चिंधी काढा, वरचा कागद उचलून खालची चिंधी आणि फिल्म ओढून काढा, दाबा. जोड शोधून सापडणार नाही.

बाहेरचा कोपरा, म्हणजे कॉलम किंवा बीमचा, तिथे बरोबर कडेवर कापायचा मोह होतो. नका कापू. ती कड जाता-येता घासते आणि कागद उघडतो. किमान इंचभर पुढे वळवा आणि तिथून पुढचा पट्टा परत ओळंब्याने सुरू करा.

खिडकी आणि दाराची चौकट

इथे मंत्र एकच, आधी मोठा चौकोन कापू नका. पट्टा चौकटीवरून सरळ सोडा, मग चौकटीचा कोपरा बोटाने कागदातून चाचपून शोधा, आणि मोकळ्या बाजूकडून त्या कोपऱ्याकडे तिरका, ४५ अंशात काप द्या. कोपऱ्याच्या जरा अलीकडे, दोन मिलिमीटरवर थांबा. कागद दाबला की तो उरलेला भाग आपोआप जागेवर येतो, आणि थोडा कमी पडला तर परत एक बारीक काप देता येतो. पलीकडे गेलेला काप मात्र परत येत नाही. काप दिल्यावर दोन्ही पाकळ्या चौकटीला लागून दाबायच्या, घडी उमटवायची आणि छतासारखंच पत्रा-ब्लेड.

आपल्याकडे खिडकीला बहुतेक मार्बल किंवा ग्रॅनाइटची चौकट असते, ती कधी भिंतीच्या पुढे असते, कधी अगदी लेव्हलला. लेव्हलला असेल तर कागद दगडावर दोन-तीन मिलिमीटर चढवून कापा, बरोबर जोडावर कापलं तर कागद वाळल्यावर फट दिसू शकते. आणि खिडकीखालची भिंत पावसाळ्यात ओल धरते का ते आधी बघा. धरत असेल तर तिथे कागदाचे लाड करण्यात अर्थ नाही, आधी बाहेरून गळती बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या, दिवाळीनंतर लावा.

स्विचबोर्ड

सगळ्यात आधी मेन बोर्डवरचा त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, बंद. नुसता स्विच बंद करून चालत नाही, गम म्हणजे बहुतांश पाणी आहे आणि हातात स्टीलचं ब्लेड. म्हणून हे काम दिवसाउजेडी करा, लागेल तर बॅटरी लावा. टेस्टरने बघून घ्या की खरंच बंद झालंय.

मॉड्युलर बोर्ड असेल तर बाहेरची पांढरी प्लेट खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच उचकटली की निघते, आतली स्क्रू मारलेली फ्रेम तशीच राहू द्या. प्लेट काढली की एक बघायचं, ती भिंतीवर बॉक्सच्या किती पुढे येते. काही कंपन्यांच्या प्लेटी जेमतेम चार-पाच मिलिमीटर झाकतात, तेवढाच तुमचा चुकायचा वाव. स्विचवर आणि सॉकेटवर मास्किंग टेप लावा म्हणजे गम आत जाणार नाही.

पट्टा वरून सरळ बोर्डावरून सोडायचा. बोर्डाचा मध्य हाताने शोधून तिथे ९ एमएमचं टोक टोचा आणि चारही कोपऱ्यांकडे तिरके काप द्या, फुलीसारखे, कोपऱ्याच्या थोडं अलीकडे थांबून. चार त्रिकोण बाहेर उघडतात. फ्रेमच्या भोवती कागद दाबा, मग ते त्रिकोण बॉक्सच्या कडेने कापून टाका. बोर्ड पट्ट्याच्या जोडावर आला असेल तर आधी एक पट्टा पूर्ण संपवा, मग दुसरा, दोघांची अर्धी अर्धी फुली एकदम करायला जाऊ नका. प्लेट कागद वाळल्यावर दाबून बसवायची, म्हणजे कागदाची कड तिच्या खाली लपते आणि तुम्ही थोडं वाकडं कापलेलं पण लपतं. मेटॅलिक किंवा फॉइलचा कागद असेल तर तो प्लेटखाली अजिबात जाऊ देऊ नका, तो वीज वाहतो, प्लेटच्या बाहेरच्या कडेलाच कापा.

जुन्या घरात भिंतीवर उभा लाकडी बोर्ड असतो. तो काढायच्या फंदात पडू नका, वायरमनला बोलवा नाहीतर चौकटीसारखा समजून भोवतीने कापा.

फर्निचर

पहिला नियम, जे हलतं ते हलवा. बेड, साइड टेबल, सोफा, किमान तीन फूट पुढे, तुम्हाला आणि शिडीला दोघांनाही जागा हवी. ड्रेसिंग टेबल जड आहे म्हणून त्याच्या भोवतीने कापणारे लोक आहेत, आणि मग वर्षाने ते हलवलं की मागे जुन्या रंगाचा चौकोन. भिंतीला टांगलेली टीव्ही पॅनेल, शेल्फ, बेडचा हेडबोर्ड, हेही स्क्रू काढून उतरवता येतात. हेडबोर्ड उतरवणं शक्यच नसेल तर त्याच्या वरच्या कडेच्या मागे कागद सहा इंच तरी खाली सरकवा, बरोबर कडेवर कापू नका.

खरा प्रश्न फिक्स वॉर्डरोबचा. तो हलत नाही, त्याचा साइडचा पॅनेल लॅमिनेटचा, आणि लॅमिनेटवर ब्लेडचा एक ओरखडा पडला की तो कायमचा. त्यात भिंत एकीकडे झुकलेली, पॅनेल दुसरीकडे.

असं करा. वॉर्डरोबच्या बाजूचा शेवटचा पट्टा, आपल्या हिशोबात १८ इंचाचा, तो आधीच उभा कापून घ्या. अंतर वर-मध्ये-खाली मोजायचं, सगळ्यात मोठं घ्यायचं आणि एक-दीड इंच जास्त ठेवायचं. पूर्ण २१ इंच तसाच लावला तरी चालतो, पण तीन इंचाचा ओला फडका लॅमिनेटवर लोंबतो, परत परत चिकटतो आणि कोपऱ्यात दाबू देत नाही. लॅमिनेटवर कोपऱ्याला लागून मास्किंग टेप. पट्टा लावा, जास्तीचा भाग पॅनेलवर वळवा, स्क्वीजीने घडी पाडा. आता त्या वळलेल्या भागाच्या मागे, म्हणजे कागद आणि लॅमिनेटच्या मध्ये, एक्स-रे फिल्मची पट्टी सरकवा. ती पातळ असल्यामुळे कोपऱ्यात पार आत जाते आणि ब्लेडला लॅमिनेटपर्यंत पोचू देत नाही. भिंतीच्या बाजूला पत्रा, मधून ब्लेड, वरून खाली. फूटभर झालं की फिल्म खाली ओढून घ्या. नवं ब्लेड इथे मुद्दाम लावा, आणि जोर छतापेक्षाही कमी.

भिंत आणि पॅनेलमध्ये आधीच फट असेल, तीन-चार मिलिमीटरची, तर ती शत्रू नाही, उलट सोय आहे. कागद त्या फटीत पत्र्याने आत ढकला, जेवढा जाईल तेवढा, आणि उरलेलं कापा. कापलेली कड फटीत गेली की दिसणार काय? नंतर हवं तर सुताराकडून बारीक बीडिंग, म्हणजे फट झाकणारी पट्टी, मारून घ्या. खरं तर घराचं काम चालूच असेल तर सुताराला आधीच सांगून ठेवा की दादा, वॉलपेपर होईपर्यंत साइडची बीडिंग मारू नका. वॉर्डरोब आधी, कागद मग, बीडिंग शेवटी, या क्रमाने केलं तर या बाजूला कापायचं जवळजवळ उरतच नाही. लूव्हर पॅनेल (उभ्या खाचांचं) आणि वॉलपेपर एकाच भिंतीवर असेल तरी हाच क्रम, आधी पॅनेल, मग कागद त्याच्या कडेपर्यंत, आणि मध्ये अॅल्युमिनियमची टी पट्टी.

वॉर्डरोब छतापर्यंत गेलेला नसेल तर त्याच्या वरच्या कोपऱ्याशी कागदाला एल आकार घ्यावा लागतो. पट्टा वरून लावत या, वॉर्डरोबच्या वरच्या कडेपर्यंत पूर्ण चिकटवा, खालचा भाग मोकळा लोंबू द्या. मग खिडकीच्या चौकटीसारखाच, मोकळ्या बाजूकडून कोपऱ्याकडे तिरका काप, अलीकडे थांबून. एक पाकळी वॉर्डरोबच्या वर जाते, दुसरी साइडला. वरची पाकळी नीट कापण्यात जीव ओतू नका, तिथे शिडीशिवाय कोणी बघत नाही, फक्त चिकटली पाहिजे.

पॅनेल पार वेडंवाकडं असेल, म्हणजे जुनं सागवानी कपाट भिंतीत बसवलेलं, नक्षीची कड वगैरे, तर वर्तमानपत्राचा साचा करा. पेपरचा तुकडा कडेला धरून बोटाने घडी उमटवत आकार घ्या, कापून परत लावून बघा, जमला की वॉलपेपरवर पेन्सिलने उतरवा आणि अर्धा इंच जास्त ठेवून कापा. अर्धा इंच भिंतीवर, छोटे छोटे उभे काप देत, दाबून संपवायचा.

एसी, ब्रॅकेट, पाइप

एसीचा इनडोअर युनिट उतरवायला टेक्निशियन लागतो आणि त्यासाठी कोणी खर्च करत नाही, हरकत नाही. कागद युनिटच्या मागे जेवढा हात जाईल तेवढा, तीन-चार इंच, घुसवायचा आणि बाकी कापायचं. युनिटवर आधी प्लास्टिक गुंडाळा. कॉपर पाइप उघडा असेल तर जवळच्या कडेपासून पाइपपर्यंत सरळ काप आणि पाइपभोवती चांदणीसारखे बारीक काप, मग पाकळ्या दाबून कापायच्या.

पडद्याचे ब्रॅकेट, फोटोचे हुक सरळ काढा आणि भोकात टूथपिक खोचून ठेवा, टोक भिंतीबाहेर अगदी थोडं. कागद त्यावरून दाबला की टोक आरपार येतं आणि भोक कुठे होतं ते शोधत बसावं लागत नाही. आणि नवीन भोक पाडायचं असेल तर ड्रिल लावण्याआधी कटरने तिथे बारीक फुली मारा, नाहीतर नॉन-वोव्हनचे धागे ड्रिल बिटला गुंडाळले जातात आणि कागद गोल फाटत जातो.

शेवटची सफाई

कापून झालं की दहा-पंधरा मिनिटांनी सगळ्या कडांवरून परत एकदा हात फिरवा, कुठे उचललीय का बघा. उचलली असेल तर बारीक ब्रशने मागे गम आणि परत दाब. फर्निचर, टाइल, छत ओल्या स्पंजने पुसा, पाणी बदलत राहा, गमाच्या पाण्यानेच पुसत राहिलात तर सगळीकडे एकसारखा पापुद्रा धरतो.

कुठे फट राहिलीच असेल, छताशी किंवा वॉर्डरोबशी, तर पांढरा अॅक्रिलिक सीलंट घ्या, सिलिकॉन नको कारण त्यावर रंग धरत नाही. नळीचं तोंड अगदी बारीक कापा, दोन मिलिमीटर, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून रेघ ओढा, ओल्या बोटाने सारखी करा आणि सीलंट ओला असतानाच टेप काढा. कागद गडद रंगाचा असेल तर पांढरी रेघ उठून दिसते, तिथे जुळणाऱ्या रंगाची पेन्सिल किंवा पोस्टर कलर कापलेल्या कडेवर हलकेच फिरवा, जोडांमध्ये डोकावणारा पांढरा गाभा पण त्यानेच लपतो.

वाळताना पंखा बंद, एसी बंद, खिडक्या लावलेल्या, किमान एक दिवस. लोक उलट करतात, लवकर वाळावं म्हणून पंखा पाचवर, आणि मग कडा आधी वाळून आखडतात, मधला भाग ओलाच, आणि जोड उघडतात. एमसीबी आणि प्लेटा सगळं खडखडीत वाळल्यावर. उरलेला रोल बॅच नंबरसकट पोटमाळ्यावर ठेवून द्या. बेड परत लावताना भिंतीपासून इंचभर पुढे ठेवा आणि हेडबोर्डच्या मागे फेल्टचे दोन-चार गोल चिकटवा, नाहीतर टेकून बसलं की तो तिथेच घासत राहतो.